वर्गणी, पावती आणि राष्ट्रपती



मागच्या रविवारी विहारात वंदना आटोपली. मंडळी चपला शोधत होती. तेवढ्यात आपल्याच गल्लीतला, तंत्रनिकेतनात शिकणारा एक मुलगा माझ्याजवळ आला. त्याचा मावसभाऊ अमेरिकेत संगणकाच्या नोकरीला आहे. तो फोनवर सांगत होता म्हणे, की तिकडे राष्ट्राध्यक्षाच्या उमेदवाराला साधी माणसे वीस-पंचवीस डॉलर पाठवतात, सुटीच्या दिवशी दारोदार फिरतात आणि अनोळखी मतदारांना फोन लावतात. मुलाने मला विचारले, "काका, आपल्याकडं राष्ट्रपतीच्या उमेदवारासाठी कधी कुणी पावती फाडली का हो?"

शेजारी उभे असलेले एक जुने कार्यकर्ते हसले. "अरे, जयंतीची पावती फाडतो तर दारं लागतात आपल्याकडं, आन् तू राष्ट्रपतीची काय फाडतो?" सगळे हसले, मीही हसलो. पण घरी आल्यावर ते हसणे गेले आणि प्रश्न मात्र राहिला. म्हणून या आठवड्याचे सदर त्या मुलाच्या प्रश्नासाठी.

अमेरिकेतली गोष्ट खोटी नाही. २००८ साली बराक ओबामा निवडून आले, तेव्हा त्यांच्या प्रचाराला तीस लाखांहून अधिक लोकांनी पैसे दिले आणि एकूण रक्कम सुमारे पंचाहत्तर कोटी डॉलरपर्यंत गेली. त्यात धनवानांचे मोठे धनादेश होतेच. परंतु थोडे थोडे, पुन्हा पुन्हा देणारी सामान्य माणसेही लाखांनी होती. ज्याने पैसे दिले, तो मग स्वतः कामालाही लागला. ज्यात आपला घामाचा पैसा गेला ते काम माणूस वाऱ्यावर सोडत नाही. मात्र एक लक्षात ठेवा. तिथला नागरिक नसलेल्या आणि कायम वास्तव्याचा परवाना नसलेल्या परक्या माणसाला एक डॉलरही देता येत नाही. तेव्हा त्या मावसभावाने आधी आपले कागद तपासावेत!

आता आपल्याकडचे पाहू. आपला राष्ट्रपती आपण थेट निवडत नाही. घटना तयार होत होती तेव्हा प्रा. के. टी. शहा यांनी सूचना मांडली होती, की राष्ट्रपती प्रौढ मतदानाने, थेट जनतेने निवडावा. बाबासाहेबांनी ती मानली नाही. त्यांचे म्हणणे सरळ होते. आपला राष्ट्रपती हा इंग्लंडच्या राजासारखा राज्याचा प्रमुख आहे, कारभाराचा नाही. खरा कारभार मंत्रिमंडळाचा. मग नामधारी पदासाठी एवढ्या अफाट देशाची थेट निवडणूक कशाला? गंमत अशी, की हेच शहा १९५२ साली डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्याविरुद्ध राष्ट्रपतीपदाला उभे राहिले आणि हरले.

म्हणजे या निवडणुकीत मत कोणाचे? निवडून आलेल्या खासदारांचे आणि आमदारांचे. उमेदवाराला अर्ज भरायचा तर १९९७ पासून अशाच पन्नास मतदारांनी नाव सुचवावे लागते, दुसऱ्या पन्नासांनी अनुमोदन द्यावे लागते आणि अनामत रक्कम पंधरा हजार. दारोदार फिरण्याचा तिथे प्रश्नच नाही.

पण वाचकहो, मी बी.कॉम. झालेला कारकून. आकडा दिसला की बेरीज-वजाबाकी केल्याशिवाय मला राहवत नाही. महाराष्ट्राच्या एका आमदाराचे मत राष्ट्रपतीच्या निवडणुकीत १७५ धरले जाते. हा आकडा आला कोठून? १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५ होती. तिला २८८ आमदारांनी भागा, मग हजाराने भागा. उत्तर १७५. म्हणजे त्या शिरगणतीतल्या दर हजार माणसांमागे एक मत! त्या हजारात १९७१ साली मोजलेले तुमचे आजोबा आहेत, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणारी माझी आजी आहे. मत आपलेच आहे, फक्त ते आमदाराच्या खिशात आहे.

१९९७ साली के. आर. नारायणन राष्ट्रपती झाले तेव्हा मी शाळेत होतो. केरळातल्या उझवूर गावचा, दलित कुटुंबातला मुलगा, रोज मैलोन्‌मैल चालत शाळेला गेलेला. फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभे राहून शिकलेला. तो २५ जुलै १९९७ रोजी देशाचा पहिला नागरिक झाला. समोर टी. एन. शेषन उभे होते. नारायणन यांना ९ लाख ५६ हजार २९० मूल्याची मते पडली, शेषन यांना ५० हजार ६३१. आमच्या वस्तीत त्या दिवशी पेढे वाटले. वडिलांनी कंपनीतून येताना पावशेर आणले होते. पेढे आम्ही वाटले, पण त्या विजयासाठी आमच्यापैकी कोणी एक पाऊलही चाललेले नव्हते. चालता येते ते त्याच्या आधी, आमदार आणि खासदार निवडताना. त्या मुलाला माझे पहिले उत्तर हेच. राष्ट्रपतीची पावती विधानसभेच्या आणि लोकसभेच्या वेळी फाडायची असते.

मग आपण ती फाडतो का? इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल. सांगताना लाज वाटते, तरी सांगतो.

२००४ ची विधानसभा निवडणूक. मी नुकताच बी.कॉम. झालो होतो. आपल्यातलाच एक उमेदवार उभा होता. त्याचे नाव सांगत नाही, कारण दोष त्याच्या एकट्याचा नाही. हिशेब येतो म्हणून पावतीपुस्तके माझ्याकडे आली. वीस-बावीस दिवस आम्ही चार-पाच पोरे संध्याकाळी वस्तीत फिरलो. कोणी दहा दिले, कोणी एकावन्न. एकूण ४१२ पावत्या, १८ हजार ३४० रुपये. भंगार वेचणाऱ्या एका आजीने लुगड्याच्या सोग्याची गाठ सोडून एकवीस रुपये दिले. म्हणाली, "पावती दे बाबा, आन् नाव नीट लिव्ह." मी लिहिले. तिने ती दोनदा उलटसुलट करून पाहिली. वाचता तिला येत नव्हते.

उमेदवार पडला, अनामतही गेली. मी स्थळप्रती घेऊन प्रचार कचेरीत गेलो आणि म्हणालो, की जमाखर्च काढू या, वस्तीत वाचून दाखवू. उत्तर मिळाले, "अरे, हरल्यावर कसला हिशेब?" त्यावर मी भांडायला हवे होते. मी भांडलो नाही. स्थळप्रती घरी आणल्या आणि माळ्यावर टाकल्या.

पाच वर्षांनी, २००९ साली, पुन्हा निवडणूक आली. पुन्हा पावतीपुस्तक घेऊन मी त्याच गल्लीत शिरलो. आजीच्या दारात गेलो. तिने पत्र्याची पेटी उघडली. जातीच्या दाखल्याजवळ ती पावती घडी करून ठेवलेली होती. ती माझ्यापुढे धरून म्हणाली, "बाबा, माह्या एकवीस रुपयाचं काय केलं रे तुमी?"

मला उत्तर देता आले नाही. त्या संध्याकाळी पुढच्या अकरा घरांतून एक रुपयाही मिळाला नाही. लोक वाईट बोलले नाहीत, पाणी विचारले, बसा म्हणाले. पैसे मात्र कोणी दिले नाहीत.

बंधू-भगिनींनो, आपला समाज देत नाही, असे कोणी म्हणू नये. विहाराची एकेक वीट आपल्या आयाबायांनी रोजगारातून दिली आहे. १९८८ साली अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत कांशीरामजी उभे राहिले आणि त्यांनी लोकांकडे मताबरोबर एक नोटही मागितली. समोर व्ही. पी. सिंगांसारखा मोठा माणूस. कांशीरामजी हरले, पण सुमारे सत्तर हजार मते घेऊन. हा माणूस आपल्या नोटेवर उभा आहे, शेठजीच्या नाही, हे मतदाराला ठाऊक होते. खुद्द बाबासाहेब १९५२ साली मुंबईत सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले, १९५४ साली भंडाऱ्यात पुन्हा पराभूत झाले. परंतु पराभव झाला म्हणून चळवळीने दुकान बंद केले नाही. हरणे ही नामुष्की नव्हे. हिशेब न देणे ही नामुष्की आहे.

आज उलटेच चालले आहे. निवडणूक आली की आपली पोरे पाचशे रुपये रोज आणि पुरीभाजीच्या पुड्यावर कोणाच्याही गाडीत बसतात. मी त्यांना दोष देत नाही. वाळूजला कंत्राटी काम सुटले, घरात सिलिंडर संपले, तर पाचशे रुपये हे पाचशे रुपयेच असतात. पण जो आपल्याला रोजावर लावतो, तो निवडून आल्यावर आपला मालक होतो. ज्याला आपण वर्गणी देतो, त्याला मात्र आपण जाब विचारू शकतो. एवढाच फरक, पण फार मोठा.

तेव्हा वर्गणी कशी गोळा करावी, याचे काही साधे नियम सांगतो. यातले काही कायद्याचे आहेत, काही आजीने शिकवलेले.

एक, विनापावती एक रुपयाही घेऊ नये. पावतीवर क्रमांक हवा आणि स्थळप्रत जपून ठेवावी. पक्षाने दोन हजारांच्या वरची देणगी रोखीने घेऊ नये, ती बँकेतूनच घ्यावी, असा २०१७ पासूनचा आयकराचा नियम आहे.

दोन, पैसा एकाच्या हाती ठेवू नये. माझा अनुभव असा, की बचत गटाच्या बायकांची वही पुरुषांच्या वहीपेक्षा चोख असते. तिजोरी महिला मंडळाकडे द्यावी.

तीन, उमेदवाराला निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते उघडावे लागते आणि निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. तो हिशेब एक रुपया शुल्क भरून कोणालाही पाहता येतो. कोणालाही म्हणजे आजीलाही.

चार, निकाल काहीही लागो, पुढच्या पौर्णिमेला विहाराच्या फळ्यावर जमाखर्च लिहावा. शिल्लक असेल तर ती कोठे आहे तेही लिहावे.

पाच, सरकारी नोकरीतल्या बांधवांना सेवानियमांमुळे प्रचार करता येत नाही. त्यांना आग्रह करून अडचणीत आणू नये. मी खासगी पेढीत कारकून असल्यामुळे मोकळा आहे.

रक्कम डोळे फिरवणारी वाटते, पण आपण भागाकार करून पाहू. विधानसभेच्या उमेदवाराला २०२२ पासून चाळीस लाखांची खर्चमर्यादा आहे. तेवढा सगळा खर्च करायचा म्हटले आणि साधारण तीनशे मतदान केंद्रे धरली, तरी एका केंद्राला १३ हजार ३३३ रुपये येतात. शंभर-शंभर रुपये देणारी एकशे चौतीस घरे. एका केंद्रावर हजाराच्या आसपास मतदार असतात. त्यात एवढी घरे निघणार नाहीत?

शिवाय निम्मे काम बिनपैशाचे आहे. मतदार यादी घेऊन घरोघर जाणे, अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांचे सहा नंबरचे अर्ज भरणे, घर बदललेल्यांचे आठ नंबरचे भरणे, मतदानाच्या दिवशी केंद्रात प्रतिनिधी म्हणून शेवटपर्यंत बसणे आणि मतांच्या नोंदीची प्रत हातात घेऊनच उठणे. हे काम किरकोळ समजू नका. २०१९ साली आपल्या औरंगाबाद लोकसभा मतदारसंघाचा निकाल ४ हजार ४९२ मतांनी लागला होता. एवढी नावे तर एका वॉर्डाच्या यादीत चुकीची निघतात.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले. पक्षाला पैसा कोण देतो हे मतदाराला कळले पाहिजे, असे न्यायालय म्हणाले. मी ती बातमी वाचली आणि मला आजी आठवली. पैसा आला कोठून आणि गेला कोठे, हा प्रश्न तिने माझ्या तोंडावर पंधरा वर्षे आधी विचारला होता.

आजी आता नाही. २००९ सालीच मी माळ्यावरच्या स्थळप्रती काढल्या. कचेरीने कशावर खर्च केला ते मला कळले नाही, पण गोळा किती झाले आणि मी कोणाच्या हाती दिले, ते नावानिशी फळ्यावर लिहिले. दोघेजण माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. आजी फळ्यासमोर उभी राहिली. कोणीतरी तिला वाचून दाखवले. ती एवढेच म्हणाली, "उशीर केला बाबा." पुढच्या खेपेला तिने पुन्हा एकवीस रुपये दिले.

१ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद आपल्या शहरात आले आणि त्यांच्या हस्ते मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला बसली. बाबासाहेबांनी राष्ट्रपतींना नागसेनवनात आणले ते आपल्या लेकरांच्या शिक्षणासाठी. आपल्याला राष्ट्रपतींपर्यंत जायचे असेल, तर वाट आपल्या वॉर्डाच्या मतदार यादीतून जाते.

त्या मुलाला मी यादीची प्रत दिली आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर तो आणि त्याचे मित्र आपल्या गल्लीपासून सुरुवात करणार आहेत. ते दारी आले तर दार उघडा. पैसे मागितले तर आधी पावती मागा.

जयभीम!