आमदार तेच, सभागृह दुसरंच

जुन्या मुंबई विधानसभेच्या सदस्यांची यादी हाती आली की नाशिककर आधी आपला जिल्हा शोधतो. आपल्याकडचे कोण होते, कोणत्या पक्षाचे होते, आज त्यांचा कोणता नातू राजकारणात आहे, एवढं कळलं की यादी मिटते. १९५२ ची यादी मात्र इतक्यात मिटू नये. तिच्यात मालेगावचे भाऊसाहेब हिरे आहेत, मुख्यमंत्री नाहीत.

मुख्यमंत्री झाले मोरारजी देसाई, आणि ते बलसाडला अवघ्या १९ मतांनी पडले होते. २६८ मतदारसंघांतून ३१५ आमदार निवडून आले (काही मतदारसंघ दोन-दोन आमदार देत). त्यांपैकी २६९ काँग्रेसचे. एवढ्या निवडून आलेल्यांनी नेता म्हणून निवडला तो पडलेला माणूस. त्याच्यासाठी पोटनिवडणूक मागाहून झाली. जिंकलेले हिरे पडलेल्या मोरारजींच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री झाले. हल्ली पडलेल्या उमेदवाराची सोय मागच्या दाराने लागली की आपण राजकारण बिघडलं म्हणतो. हे विरजण चांगलंच जुनं आहे.

त्या सभागृहाचं खरं स्मारक कुठे असेल तर सातबाऱ्यावर. हिरे महसूलमंत्री असताना कुळकायद्याची मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्याने तिचा मालक मानलं गेलं. निफाड-सिन्नरच्या तलाठ्याकडे आजही या कायद्याचं कलम '३२ ग' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. अशी जमीन विकायला निघालेल्याला त्याच कायद्याचं कलम ४३ आडवं येतं, तेव्हा तो त्या विधानसभेशीच बोलत असतो, तिच्यातल्या एकाही सदस्याचं नाव माहीत नसलं तरी.

पण यादीची खरी गंमत १ नोव्हेंबर १९५६ नंतर सुरू होते. मुंबई राज्य मराठी-गुजराती द्विभाषिक झालं. विदर्भाचे आमदार निवडून गेले होते नागपूरच्या विधानसभेवर, मराठवाड्याचे हैदराबादच्या. ते सारे मुंबईच्या सभागृहात आले. सौराष्ट्राचेही आले. उलट बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवारचे आमदार म्हैसूर राज्यात गेले, बेळगावचे मराठी बोलणारेही त्यांच्याबरोबर. यांतल्या कोणीही पक्ष बदलला नव्हता की मतदारसंघ. नकाशा हलला आणि त्याबरोबर खुर्च्या हलल्या.

या हललेल्या गणितातच नाशिक जिल्ह्याचं मुख्यमंत्रिपद गेलं. ऑक्टोबर १९५६ मध्ये, होऊ घातलेल्या राज्यातल्या काँग्रेस आमदारांच्या नेतेपदासाठी हिरे उभे राहिले. समोर यशवंतराव चव्हाण आणि त्यांच्या मागे मोरारजींचं बळ. मतं पडली ३३३ विरुद्ध १११. बेरीज करा : ४४४. जुन्या विधानसभेत एकूण जागाच होत्या ३१५. मराठी आमदारांचा नेता कोण, हा प्रश्न मतदान करणाऱ्यांपुढे नव्हताच. द्विभाषिक कोण चालवील, हा होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीत पुढे राहिलेल्या हिरे यांना त्या तराजूत वजन मिळणं अवघडच होतं. यशवंतरावांचं कर्तृत्व कोणी नाकारत नाही. पण 'हिरे मागे पडले' असं आपण म्हणतो तेव्हा तराजू कोणाचा होता, हेही सांगावं.

पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत ३९६ जणांचं सभागृह आलं. काँग्रेसला २३४ जागा मिळाल्या, त्या विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातच्या आधारावर; पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने तिला लोळवलं आणि खुद्द यशवंतराव कराडहून जेमतेम निसटले. नाशिकने त्याच लाटेत दादासाहेब गायकवाडांना लोकसभेवर पाठवलं. विधानसभेत मग तीन वर्षं एक विचित्र दृश्य होतं. एक बाजू ज्या राज्याचा कारभार करत होती, ते राज्यच नको म्हणून दुसरी बाजू निवडून आली होती.

१ मे १९६० ला ते राज्य खरोखरच मोडलं. १३२ आमदार गुजरातच्या वाट्याला गेले, २६४ इथे उरले. आपल्या सुरगाण्याला लागून असलेला डांगही गुजरातेत गेला. उरलेल्या २६४ जणांची झाली महाराष्ट्राची पहिली विधानसभा. तिच्यासाठी कोणी मतदान केलं नव्हतं. द्विभाषिक टिकवा म्हणून मतं मागितलेले आणि ते मोडा म्हणून मागितलेले, दोघेही एका रात्रीत महाराष्ट्राचे आद्य आमदार झाले. २०२४ ची विधानसभा पंधरावी म्हणवते ती याच हिशेबाने. १९६२ ला महाराष्ट्राने प्रथमच स्वतःची निवडली, ती क्रमाने दुसरी. मंगलकलशाच्या समारंभात हा तपशील कोणाला आठवला नाही, आणि पुढेही कोणी मुद्दाम आठवला नाही.

नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, अशी कौतुकाची भाषा तेव्हापासूनची. सह्याद्रीला लोकसभेत जागा मात्र हवी होती, आणि नाशिकची रिकामी होती. ज्या जिल्ह्याच्या माणसाला १११ मतांवर थांबवून यशवंतराव मुख्यमंत्री झाले, त्या जिल्ह्याने १९६३ मध्ये त्यांना बिनविरोध निवडून दिलं. मतपेटी उघडावीच लागली नाही.