एकच तूर सगळ्या रानांना?

महाराष्ट्रभर तुरीचा एकच सुधारित वाण पेरावा, म्हणजे दालमिलला एकसारखा दाणा आणि शेतकऱ्याला चढा भाव मिळेल. बाकीचे वाण म्हणजे नुसता पसारा, असे सांगत एक जाणकार सभा गाजवत आहेत. या जाणकारांनी डिसेंबरात मुरमाड रानातली तूर एकदा पाहावी.

पाऊस लवकर उघडला की मराठवाड्यातले हलके रान दिवाळीनंतर ओल धरत नाही. तिथे दीडशे-एकशे साठ दिवसांत निघणारा, पांढऱ्या दाण्याचा बीडीएन ७११ ओल संपायच्या आत दाणा भरून घेतो. त्याच रानात लाल दाण्याचा, पावणेदोनशे दिवसांच्या पुढे जाणारा बीएसएमआर ७३६ पेरला, तर झाड वाढते, फुलतेही. पण ऐन दाणा भरताना पायाखालची ओल संपते आणि शेंगा पोचट राहतात. उलट खोल काळ्या जमिनीत लवकरचा वाण काढून घेतला, तरी खाली ओल उरतेच; तिचा फायदा उशिराचा वाणच घेतो. हे दोन्ही वाण बदनापूरच्या एकाच संशोधन केंद्राचे. एकाने भागत असते तर दुसरा कशाला काढला असता? बिहारकडची ‘बहार’ तर जुलैत पेरतात आणि काढतात मार्च-एप्रिलात. दिवस लहान होऊ लागले की तूर फुलावर येते, म्हणून पेरणी लांबली की तोच वाण बुटका राहतो. जमीन आणि पेरणीची तारीख न विचारता कुठल्याही वाणाला उत्तम म्हणता येत नाही.

मर रोगाच्या बुरशीने त्या एकुलत्या वाणाची प्रतिकारशक्ती मोडली, तर सगळीच शिवारे वाळतील. आणि एकसारख्या दाण्याचेच म्हणाल, तर प्रतवारी करायला दालमिलमध्ये चाळण्या असतात.

कापसात तुरीचे तास पेरण्यालाही असेच अडाणीपणा म्हणून हिणवले गेले होते. गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, तेव्हा हाताशी राहिली ती तूरच.

वाण जमिनीच्या खोलीवर ठरवावा. मधमाश्या शेजारच्या तुरीचे पराग आणतात आणि वाणात भेसळ होते, म्हणून गावाने बियाण्याचा प्लॉट इतर तुरीपासून लांब ठेवावा. वेगळे वाण म्हणजे पसारा नव्हे; नवापूर आणि बोरसुरीच्या तुरीला भौगोलिक मानांकन मिळाले ते वेगळेपणामुळेच. आणि बियाण्याच्या पिशवीवर कंपनीच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापावे: किती दिवसांचा वाण, कुठल्या जमिनीसाठी.