चंद्रपूरचा उन्हाळा आणि ‘फुकटची’ गती

ग्राफिक्स कार्डाची गती कारखान्यात ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे नेणे, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, याविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यात एक शब्द हटकून येतो : ‘फुकट’. पैसे न मोजता मिळणारी गती. माझा आक्षेप या शब्दाला आहे, ओव्हरक्लॉकिंगला नव्हे. आणि लॅपटॉपच्या बाबतीत, तेही चंद्रपूर जिल्ह्यात, हा शब्द जितका खोटा ठरतो तितका क्वचितच कुठे ठरत असेल.

एका मे महिन्यात मोहर्लीला चार दिवस मुक्काम होता. ताडोब्याच्या प्रवेशद्वारापाशी, इरई धरणाच्या जलाशयालगत वसलेले हे गाव. वाघ दिसावा म्हणून लोक इथे नेमक्या उन्हाळ्यातच येतात, कारण तेव्हा जनावरे पाणवठा सोडत नाहीत. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांचा मुलगा पर्यटकांच्या चित्रफिती जोडून देण्याचे काम करतो. त्या कमाईतून त्याने जुना गेमिंग लॅपटॉप घेतला होता. दिवसा त्यावर पोट, रात्री खेळ. कुठलीशी चित्रफीत पाहून त्याने कार्डाची गती दीडशे मेगाहर्ट्झने वाढवली होती आणि आता तो हिरमुसला होता. “पहिले दहा मिनिटं मस्त चालते जी काका, मंग पहिल्यापेक्षाही हळू होते. कार्डच फसवं निघालं.”

कार्ड फसवे नव्हते. फसवा होता तो त्या चित्रफितीतला हिशेब, कारण त्यात खोलीचे तापमान कोणी मोजलेच नव्हते.

पंख्याने थंड होणारी कोणतीही चीप आपल्या तापमानाची सुरुवात भोवतालच्या हवेपासून करते. पंचवीस अंशांच्या खोलीत जे कार्ड ऐंशी अंशांवर स्थिरावते ते हवेपेक्षा पंचावन्न अंशांनी वर असते. तेच कार्ड, तेवढीच वीज खात, चाळीस अंशांच्या खोलीत पंचाण्णवला पोहोचू पाहील. पण लॅपटॉपमधल्या अनेक कार्डांना सत्त्याऐंशीच्या आसपास लगाम घातलेला असतो. तिथे पोहोचले की ते आपली गती आपणच उतरवते. चंद्रपुरात मे 2019 मध्ये पारा 48 अंशांपर्यंत गेला होता. अशा हवेत कार्डापाशी उधळायला काही उरतच नाही. कूलरपुढे लॅपटॉप ठेवण्याचा उपाय या मुलाने केलाच होता. हवा थोडी निवते हे खरे, पण सोबत ओल येते, आणि सफारीच्या रस्त्यावरची धूळ पंख्याच्या पात्यांत चिखलासारखी बसते. (त्याच्या लॅपटॉपची जाळी उघडली तेव्हा आम्ही दोघेही काही वेळ गप्प होतो.)

दुसरा हिशेब विजेचा. चीपमधली स्विचिंगची वीज गतीच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. गती दहा टक्के वाढवली आणि ती पेलावी म्हणून व्होल्टेज पाच टक्के, तर वीज सुमारे एकवीस टक्क्यांनी वाढते. दहा टक्के लाभासाठी एकवीस टक्के उष्णता, आणि ती बाहेर काढायला बोटभर जाडीची पेटी! याला फुकट कसे म्हणावे?

हा शब्द एकेकाळी खरा होता, हे मान्य केले पाहिजे. 1998 मध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन 300ए बसची गती 66 वरून 100 वर नेली की 450 मेगाहर्ट्झवर निमूट चालत असे. कुवत असलेली चीप स्वस्त म्हणून विकली जात होती. ज्याला ठाऊक होते त्याने ती कुवत वसूल केली. पण 2012 पासून एनव्हिडियाची कार्डे, उष्णता आणि वीज परवानगी देतील तोवर, आपली गती आपणच वाढवू लागली. शिल्लक होती ती कार्डानेच खाल्ली. तरी भाषा मात्र 1998 चीच राहिली.

मग कंपन्यांनी ही सोय बंदच करावी काय? मुळीच नाही. 2015 च्या सुरुवातीला एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या कार्डांचे ओव्हरक्लॉकिंग ड्रायव्हरमधूनच बंद केले, तेव्हा ग्राहक खवळले आणि फेब्रुवारीत कंपनीला ती सोय परत देण्याचे जाहीर करावे लागले. ग्राहकांचे बरोबरच होते. विकत घेतलेल्या वस्तूचा कान पिळण्याचा हक्क मालकाचा. शिवाय उष्णतेपासून ग्राहकाला वाचवण्याचा आव या कंपनीने आणावा हे थोडे विनोदी आहे. सदोष जोडसाहित्यामुळे लॅपटॉपमधल्या चीपा निकामी होऊ लागल्या म्हणून जुलै 2008 मध्ये तिनेच पंधरा ते वीस कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. तापणे-निवणे या फेऱ्यांत ते जोड तडकत. त्यासाठी कुणी गती वाढवण्याची गरज नव्हती.

मोहर्लीच्या लोकांना हे सारे समजावणे अवघड नाही. समोरचा जलाशय मुळात औष्णिक वीज केंद्रासाठी आहे. 2010 च्या उन्हाळ्यात इरईचे पाणी आटले तेव्हा त्या केंद्रातले संच बंद ठेवावे लागले होते. कोळसा जिल्ह्यातच निघतो, पण निववायला पाणी नव्हते. मी हे उदाहरण दिले तेव्हा मुलापेक्षा त्याचे वडीलच पटकन मान डोलावते झाले.

शेवटच्या रात्री आम्ही उलटा उद्योग केला. ज्या प्रोग्रॅममधून गती वाढवली होती त्यातच व्होल्टेज आणि गतीची रेषा दिसते. ती एका ठिकाणी आडवी केली, म्हणजे कार्डाने त्याहून अधिक व्होल्टेज मागूच नये. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले तर त्याच गतीला ती वीज सुमारे एकोणीस टक्क्यांनी घटते. पहिले दोन प्रयत्न फसले, खेळ मधेच गोठला. तिसऱ्यांदा जमले. तापमान मर्यादेच्या सात-आठ अंश खाली थांबले आणि गती तासभर हलली नाही.

“पण हे तर कमी करनं झालं ना जी,” तो जरा नाराजीनेच म्हणाला. सकाळी मात्र त्याने सफारीची एक लांब चित्रफीत लावून दिली आणि ती पुरी होईपर्यंत पंख्याचा आवाज ऐकत बसून राहिला.