घरात कोण आजारी आहे?

मैत्रिणींनो, मागच्या डिसेंबरातली गोष्ट. मी करमाडची. शेंद्र्याच्या एमआयडीसीत कामाला जाते. संध्याकाळी जालना रोडवर उतरते तेव्हा सात वाजलेले असतात, बोटं गारठलेली असतात. त्या दिवशी घरी आल्यावर मी भाकरी थापायला बसले नाही. कुकरला बाजरीची खिचडी लावली आणि दहा मिनिटं भिंतीला टेकून बसले. ताट पुढे आल्यावर नवऱ्याने विचारलं, "घरात कोण आजारी आहे?"

कुणीच आजारी नव्हतं. मी दमले होते. पण बाईचं दमणं हे कारण धरलं जात नाही. साधं, हलकं जेवण रांधायला घरात कुणाला तरी ताप यावा लागतो. आणि तो बाईलाच आला तर भाकरी काही चुकत नाही.

थंडीत बाजरी खावी, हे आपल्या आज्याही सांगत. २०२३ साल भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा बाजरीचं कौतुक झालं. थापणाऱ्या हाताचं कुणी केलं? बाजरीच्या पिठाला चिकटपणा नसतो. गरम पाणी घालून एकेका भाकरीपुरतं मळावं लागतं, नाहीतर थापताना चिरते. सहा माणसांच्या घरात हे पंधरा वेळा. इतरांना तव्यावरची गरम, करणारीला शेवटची, गार.

केंद्र सरकारच्या वेळवापर पाहणीचे आकडे बघा. २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. हे करणाऱ्यांचं झालं. चारांतले जवळजवळ तीन पुरुष तर घरकामाला हातच लावत नव्हते. २०२४ मध्ये बाईची मिनिटं २८९ झाली. दहा कमी! पण पुरुषाचीही नऊने घटून ८८ वर आली.

आता माझी खिचडी ऐका. गिरणीतून जाडसर भरडून आणलेली बाजरी एक वाटी, मुगाची डाळ अर्धी वाटी. सकाळी भिजत घालून कामाला जायचं. रात्री पाच वाट्या पाणी, हळद, मीठ, मूठभर मेथी घालून पाच शिट्ट्या. वरून जिरं-लसणाची फोडणी, सोबत ठेचा. काम करणाऱ्या माणसाचं याने पोट भरत नाही, असं म्हणतात. का? भाकरी-वरणात जी बाजरी आणि डाळ असते, तीच यात आहे.

मला वाटतं, खरी अडचण वेगळी आहे. "मला भाकरी थापता येत नाही," असं म्हणून पुरुष चुलीपासून लांब राहू शकतो. थापायला सवयीचा हात लागतो, हे खरंच आहे. पण कुकर लावायला कसला हात लागतो? बारा वर्षांच्या पोरालाही जमेल. खिचडी ताटात आली की ती सबब संपते. म्हणून तिला आजाऱ्याचं जेवण म्हणून हिणवायचं.

त्या रात्री सासूबाईंनी दुसऱ्यांदा खिचडी मागून घेतली. त्यांना दात नाहीत. इतकी वर्षं त्या वरणात भाकरी कुस्करून, भिजेपर्यंत वाट बघून, सगळ्यांच्या मागून जेवत होत्या. "मला कधी कुणी विचारलंच नाही," एवढंच म्हणाल्या. मीही विचारलं नव्हतं. रोज त्यांच्या शेजारी बसून भाकरी थापत होते.

नवरा अजून कुरकुरतो. पण आता आठवड्यातून दोन रात्री आमच्याकडे खिचडी असते, आणि त्यातल्या एका रात्री कुकर मुलगा लावतो.

भाकरीशी माझं भांडण नाही. भोगीला तीळ लावून ती मी हौसेने करीन. पण हौस वेगळी आणि रोजची सक्ती वेगळी. संक्रांतीला आपण बायका जमूच. तेव्हा वाण लुटण्याआधी प्रत्येकीने एवढं सांगावं: आपल्या घरात भाकरीची सुट्टी कोणत्या वारी, आणि त्या दिवशी कुकर कोण लावणार.