तंबूत शेगडी नको गं बाई!

मैत्रिणींनो, आपण देवणीकडची माणसं उन्हाला सरावलेली. हिवाळ्यात मुलांना घेऊन भंडारदऱ्याला तंबूत राहायचा बेत असेल, तर थंडीचा विचार आधी करा हं! प्रवरेवरचं हे धरण १९२६ साली पुरं झालं. जवळच १,६४६ मीटर उंचीचं कळसूबाई शिखर. पहाटे पाण्याकाठी चांगलीच हुडहुडी भरते.

मग कुणीतरी हमखास म्हणतं, "शेगडी आत घ्या, पोरं गारठलीत." तिथं ठाम नाही म्हणा. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. धूर दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. रक्तातली प्राणवायूची जागा तो बळकावतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्याला तर कळतही नाही.

मग ऊब कशी आणायची? गारवा जमिनीतून चढतो, म्हणून आधी अंगाखाली प्लॅस्टिक, सतरंजी आणि जाड गोधडी घाला. निजताना कोरडे कपडे, पायमोजे, कानटोपी. गरम पाण्याची रबरी पिशवी फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवा. तंबूचे झरोके उघडेच असू द्या, नाहीतर श्वासाच्या वाफेनं पांघरुणं ओलावतात. शेकोटी परवानगी असेल तिथंच, तंबूपासून लांब, आणि झोपण्याआधी पाणी ओतून विझवायची.

तरीही कुणी शेगडी आत नेलीच आणि डोकं जड झालं, तर आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा. लगेच १०८ ला फोन करा.

बरोबरची मंडळी 'घाबरट' म्हणतील. म्हणू देत! सकाळी सगळे चहाला उठले म्हणजे झालं.