लोणारच्या काठावर आणखी काही बांधू नका

डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहणाऱ्याला 'थीम' या शब्दाची सवय होऊन जाते. दुबईच्या वाळूत उभ्या राहिलेल्या आमच्या वसाहतीचे सहा भाग आहेत: झेन, मेडिटेरेनियन, मेसोअमेरिकन, मोगल, कॅक्टस आणि कंटेम्पररी. मी मोगल भागात राहतो. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिने विचारलं, "इथे मोगल काय आहे रे?" मला उत्तर देता आलं नाही. तक्रार नाही. झाडं आहेत, सावली आहे, आता मेट्रोही आली आहे. राहत्या घराला कुठलंही नाव दिलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण हीच युक्ती लोणारच्या विवराला लावली तर बिघडतं, आणि तिथलं बिघडलेलं पुन्हा जुळत नाही.

विषय निघाला तो शारजातल्या एका सहलीवरून. हिवाळ्यातल्या शनिवारी आम्ही चार मराठी कुटुंबं बुहैसचं भूविज्ञान उद्यान पाहायला गेलो. हॉपकिन्स आर्किटेक्ट्स या ब्रिटिश संस्थेने रचलेलं हे केंद्र २०२० साली खुलं झालं. या वाळवंटावर कधीकाळी समुद्र होता. त्यातल्या सागरी जिवांचे, काटेरी समुद्री अर्चिनचे जीवाश्म इथल्या खडकात सापडतात. त्यांच्याच आकाराचे गोल कक्ष जमिनीला जेमतेम टेकवून ठेवले आहेत, म्हणजे खालचा खडक फार खणावा लागू नये. मुलं खूश, आम्हीही खूश.

परतताना गाडीत एक स्नेही, मूळचे बुलढाण्याचे, म्हणाले, "आपल्या लोणारला अगदी काठावर असंच काहीतरी भव्य व्हायला पाहिजे. काळ्या दगडाचं, जमिनीत मिसळून गेलेलं. जग बघायला येईल हो!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आता त्या मान डोलावण्याबद्दलच लिहितो आहे.

लोणारचा काठ म्हणजे नुसती दृश्य पाहायची जागा नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा काळा कातळ तयार झाला. पुढे फार उशिरा त्या कातळावर एक अशनी आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर पडलं. हे नेमकं कधी घडलं, ५० हजार वर्षांपूर्वी की साडेपाच लाखांहून अधिक वर्षांपूर्वी, यावर अजून वाद आहे. तो वाद मिटवायचा पुरावा कुठे आहे? बराचसा त्या काठात आणि काठाबाहेर. आघाताने उसळलेला, उलटापालटा झालेला दगडमातीचा थर विवराच्या भोवती किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत पसरला आहे. चंद्र आणि मंगळ यांवरची अनेक विवरंही अशाच काळ्या खडकात आहेत, म्हणून जगभरचे अभ्यासक लोणारची माती तपासायला येतात. तिथे पायासाठी खणलेला एक चर म्हणजे न वाचलेल्या पोथीची फाडलेली पानं. वर काळा दगड लावा, गच्चीवर गवत लावा, पुरावा गेला तो गेला.

"जमिनीत मिसळणारी इमारत" या शब्दांवर माझा राग आहे तो इथे. आपण मिसळणं डोळ्यांनी मोजतो. दुरून दिसली नाही की झाली पर्यावरणस्नेही! पण इमारत पाणी कुठून घेते, मैला कुठे सोडते, दुपारी चार वाजता वीज किती खाते आणि दहाव्या वर्षी तिचं बिल कोण भरतं, हे फोटोत येत नाही.

शारजाकडून शिकायचंच असेल तर बुहैसच्या आधी वासितकडे पाहावं. ती पाणथळ जागा एकेकाळी कचरा टाकायची जागा झाली होती. आधी कचरा काढला, जमीन आणि पाणी सुधारलं, झाडं लावली, पक्षी परतू दिले. केंद्र त्यानंतर झालं, तेही जमिनीत खाली उतरवलेलं, माणसांची वर्दळ पक्ष्यांना जाणवू नये म्हणून. २०१९ साली त्याला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. आपण पुरस्कार पाहतो, क्रम पाहत नाही.

लोणारचा क्रम उलटा आहे. २०२० च्या जूनमध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा आपण सगळ्यांनी ते फोटो एकमेकांना पाठवले. खारं पाणी आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांची ती करामत होती. त्याच वर्षी तळं रामसर यादीत गेलं. पण गावाचं सांडपाणी विवरात उतरतं, आतल्या उतारांवर वेडी बाभूळ माजते, या तक्रारी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे वर्षानुवर्षं चालल्या. खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यावर जगणारी एक अख्खी सृष्टी तिथे आहे. तिच्यात गोडं घाण पाणी जात राहिलं, तर काठावरच्या सुंदर केंद्रातून आपण नक्की काय पाहायचं?

आणि भव्य केंद्राचं पुढे काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर गाड्या थांबवून चार किलोमीटर बसने न्यायचा निर्णय फार शहाणपणाचा होता. वाघूर नदीची घळ धुरातून वाचली. पण त्याच फाट्याजवळ जपानच्या कर्जातून प्रचंड अभ्यागत केंद्र उभं राहिलं. आत १, २, १६ आणि १७ क्रमांकांच्या लेण्यांच्या प्रतिकृती. काही वर्षांतच वीज आणि पाण्याची बिलं थकली आणि केंद्र बंद पडलं. शेजारी खरी लेणी दीड-दोन हजार वर्षं विजेविना थंड उभी आहेत, आणि त्यांची ओळख करून देणाऱ्या इमारतीला वीज परवडेना. बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. उद्घाटनाला मंत्री येतात. गळकी तोटी बदलायला कुणी येत नाही.

स्नेह्यांचं म्हणणं मी टाळत नाही. ते म्हणाले, "तुम्ही दुबईत बसून साधेपणाचे धडे देणार आणि आमच्या गावच्या पोरांनी रोजगार कुठे शोधायचा?" टोला बरोबर बसला. लोणारला जाणाऱ्या बाईमाणसाला स्वच्छ संडास हवा, उन्हात टेकायला जागा हवी, प्यायला पाणी हवं, हे खरं आहे. गावाला चार पैसे मिळायला हवेत, हे तर सर्वांत खरं. पण म्हणूनच केंद्र काठावर नको, गावात हवं. काठावरच्या केंद्रात माणूस गाडीतून उतरतो, तिकीट काढतो, फोटो काढतो आणि परत गाडीत बसतो. केंद्र गावात असलं की तो दैत्यसूदनाच्या मंदिरावरून चालत जातो, चहा घेतो, जेवतो, गावातला वाटाड्या सोबत घेतो. आधीच बांधकाम झालेल्या जमिनीवर, एखाद्या पडक्या सरकारी इमारतीची डागडुजी करून हे होऊ शकतं. नवा पाया खणायलाच नको.

आपल्याकडे याला शब्दही होते: धर्मशाळा, पाणपोई, पार. जाड दगडी भिंती, पुढे ओसरी, वारा खेळेल अशी समोरासमोर दारं. हे मी जुन्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही. विदर्भाच्या मे महिन्यात काचेची भिंत म्हणजे चूल असते, आणि दुबईत राहणाऱ्याला हे सांगायला नको. आमची काच थंड ठेवायला वातानुकूलन चोवीस तास चालतं. लोणारला तसं चालवायचं का?

ज्वालामुखीच्या प्रदेशात नेमस्तपणे कसं बांधावं याचं जगातलं उदाहरण हवं असेल तर स्पेनच्या लान्झारोते बेटावरच्या सेझार मानरिकेचं घ्या. लाव्हा वाहून गेल्यावर उरलेली नैसर्गिक पोकळीच त्याने लोकांसाठी खुली केली. नव्याने बांधलं ते थोडं. आणि आयुष्यभर तो बेटावरच्या उंच हॉटेलांशी आणि जाहिरातफलकांशी भांडला. त्याच्या कामाचे फोटो आपण पाहतो. हे भांडण मात्र त्या फोटोंत दिसत नाही.

लोणारसाठी शेकडो कोटींच्या आराखड्यांची भाषा झाली आहे. परदेशातली मराठी मंडळं अशा कामांना कौतुकाने मदत करतात, पुढेही करतील. माझी विनंती एवढीच, की पैसे किंवा टाळ्या देण्याआधी चार प्रश्न विचारा. सांडपाणी विवरात जायचं कधी थांबणार? पाया कुठे खणणार? केंद्र चालवणाऱ्यांत गावातले किती? आणि दहा वर्षांच्या देखभालीचा पैसा उद्घाटनाआधी बँकेत ठेवणार का?

माझे स्नेही येत्या दिवाळीत गावी जाणार आहेत. हे चार प्रश्न मी त्यांना कागदावर लिहून दिले आहेत. "विचारतो, पण उत्तर मिळेल असं वाटत नाही," असं म्हणाले. मग तोपर्यंत काठावर कुदळ पडू नये.