वेळ लिहून ठेवा, रक्त द्या

तळेघरकडं, भीमाशंकरच्या वाटेवरच्या गावांत, उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करायला बाया रानात जातात. रान म्हटलं की माश्या आल्याच. गांधीलमाशी चावली तर बहुतेकींना दोन दिवस सूज, बस्स. पण एखादीच्या अंगभर पित्त उठतं, ओठ सुजतात, घसा आवळतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. ही जिवावरची ॲलर्जी, ॲनाफिलॅक्सिस. औषधानं, शेंगदाण्यानं, कोळंबीनंही होते. तेव्हा पहिलं काम एकच, मांडीत ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन. त्यासाठी कुठल्याही तपासणीची वाट बघायची नाही.

माझं म्हणणं त्यानंतरचं आहे. बाई वाचते, घरी येते. सासूबाई म्हणतात बाहेरचं काही असेल, शेजारीण म्हणते ऊन लागलं, कागदावर नुसतं 'चक्कर'. आणि बाईमाणूस म्हटलं की 'घाबरली असेल' हे ठरलेलंच! पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा त्याच रानात.

याला पुरावा मिळू शकतो. आपल्या शरीरात मास्ट पेशी असतात. ॲलर्जीत त्या फुटल्यासारख्या होऊन आतला माल रक्तात सोडतात, त्यातलंच एक ट्रिप्टेज. त्रास सुरू झाल्यावर एक-दोन तासांत ते सगळ्यात जास्त असतं, म्हणून रक्त तेव्हाच घ्यायचं, फार तर चार-सहा तासांत. पूर्ण बरं वाटल्यावर, निदान चोवीस तासांनी, दुसऱ्यांदा घ्यायचं. हे दुसरं रक्तच बहुतेक वेळा राहून जातं, आणि घोळ होतो. कारण साधारण 11.4 पर्यंतचा आकडा रिपोर्टात 'नॉर्मल' दिसतो. पण एखादीची नेहमीची पातळी 5 असेल, तर त्या वेळी 8 भरली तरी मास्ट पेशी भडकल्या होत्या असं धरतात. (नेहमीच्या आकड्याची 1.2 पट, अधिक 2, असा हिशेब आहे.) एकाच रिपोर्टावर 'काही नाही' म्हणणाऱ्यांना हे जरूर विचारा. खाण्याच्या ॲलर्जीत तर आकडा कित्येकदा वाढतच नाही. तेवढ्यावरून ॲलर्जी नव्हती असं होत नाही.

दुसरा आकडाही जास्तच आला, तर मास्ट पेशींचाच आजार नाही ना, हे बघावं लागतं. अशांना माशीचा दंश जास्त भोवतो.

तळेघरच्या आरोग्य केंद्रात मशीन आणा, असं मी म्हणत नाही. सुई, नळी आणि वेळेची नोंद, एवढं तिथं जमण्यासारखं आहे. नमुना थंड ठेवून पोखरी घाट उतरून पुण्याच्या लॅबला जाऊ शकतो. महाडकडच्या खेड्यांत डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या, त्यातूनच प्राझोसिनचा उपाय जगापुढं आला. मग गांधीलमाशीच्याच नोंदीला आपण एवढं हलकं का धरतो?

तोवर आपल्या हातातलं आपण करावं. त्रास किती वाजता सुरू झाला, आधी काय चावलं, काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, हे सोबतच्या बाईनं चिठ्ठीवर लिहावं आणि ती चिठ्ठी डॉक्टरांच्या हातात द्यावी.